स्वतःच्या खोडी माहीत असलेला माणूस : एक प्रकरण अभ्यास

स्वतःला ओळखण्याचे फायदे सांगणारं लिखाण बहुधा ठरलेल्या वाटेनं जातं. आत डोकवा, मन शांत होईल, आत्मविश्वास वाढेल, नाती सुधारतील. यातलं काही खोटं आहे असं नाही. पण वाचून झाल्यावर उद्या सकाळी कामाला बसताना नेमकं काय वेगळं करायचं, हे काही कळत नाही. म्हणून इथे एकच माणूस घेतला आहे. त्याला स्वतःबद्दल काय कळलं होतं, ते कसं कळलं आणि कळल्यावर त्यानं काय केलं, एवढंच पाहायचं आहे. माणूस आहे चार्ल्स डार्विन.

डार्विनच का? कारण त्याचे कागद शिल्लक आहेत. त्यानं लिहिलेली आणि त्याला आलेली सुमारे १५,००० पत्रं, वह्या, अनेक वर्षं रोज भरलेली तब्येतीची नोंदवही, १८७३ मध्ये त्याचा नातलग फ्रान्सिस गाल्टन यानं शास्त्रज्ञांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, आणि १८७६ च्या उन्हाळ्यात दुपारी तासभर बसून मुलानातवंडांसाठी लिहिलेल्या आठवणी. या आठवणी लिहिताना, आपण मेलो आहोत आणि दुसऱ्या जगातून स्वतःच्या आयुष्याकडे वळून पाहतो आहोत अशा भूमिकेतून लिहिण्याचा प्रयत्न केला, असं तो सांगतो. आयुष्य जवळपास संपलंच आहे, तेव्हा हे फारसं अवघड गेलं नाही, असंही पुढे जोडतो.

कुणी स्वतःबद्दल काहीही म्हणू शकतो. इथे मात्र ते म्हणणं कागदांशी ताडून पाहता येतं, आणि अशी सोय फार थोड्या माणसांच्या बाबतीत आहे.

परिस्थिती

२ ऑक्टोबर १८३६ रोजी ‘बीगल’ जहाजावरून डार्विन इंग्लंडला परतला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. जवळपास पाच वर्षांचा प्रवास झाला होता. त्याआधीची कारकीर्द सांगण्यासारखी नव्हती. एडिंबरोत वैद्यकीचं शिक्षण अर्धवट सोडलेलं. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात दोन शस्त्रक्रिया पाहायला गेला आणि दोन्ही वेळा मध्येच पळून आला. मग धर्मगुरू व्हायचं म्हणून केंब्रिज. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणं यापलीकडे तुला कशातच रस नाही, तू घराण्याला काळिमा फासशील, असं वडिलांनी एकदा सुनावलं होतं. ते त्याला म्हातारपणीही शब्दशः आठवत होतं.

जुलै १८३७ मध्ये त्यानं प्रजाती कशा बदलतात यावर पहिली वही सुरू केली. सप्टेंबर १८३८ च्या अखेरीस नैसर्गिक निवडीची कल्पना (परिस्थितीला जुळणारे जीव जास्त टिकतात, त्यांचे गुण पुढे जातात आणि प्रजाती बदलत जाते) हाती लागली. कल्पना अवाढव्य होती. ती पटवायची तर भूगर्भापासून कबुतरांच्या पैदाशीपर्यंत हजारो तुकडे गोळा करून एका सलग युक्तिवादात बसवायचे होते.

हे करणारा माणूस कसा होता? त्याचंच म्हणणं असं : चटकन आकलन होण्याची हुशारी माझ्यात नाही. एखादा लेख वाचला की आधी तो मला आवडतोच; त्यातल्या उणिवा बराच विचार केल्यावर दिसतात. लांबलचक अमूर्त विचार मला झेपत नाही, गणित तर नाहीच. स्मरणशक्ती पसरट पण धूसर. एखादी तारीख किंवा कवितेची ओळ काही दिवसांपलीकडे टिकत नाही. वाक्य पहिल्यांदा लिहितो ते हमखास वेडंवाकडं येतं. यात भर तब्येतीची. तिशीच्या आसपास सुरू झालेलं पोटाचं दुखणं, उलट्या, छातीतली धडधड त्याला पुढे सोडून गेलीच नाही, आणि दिवसातले काही तासच कामाला मिळायचे.

म्हणजे प्रकरणाचा प्रश्न असा : अशा अवजारांनी असलं काम उरकायचं कसं?

लग्नाची यादी

डार्विनच्या आत्मपरीक्षणाचा विषय निघाला की हटकून एक कागद पुढे केला जातो. जुलै १८३८ च्या सुमाराचा. एका बाजूला ‘लग्न करावं’, दुसऱ्या बाजूला ‘करू नये’. न करण्याच्या बाजूला वेळेचा अपव्यय, पुस्तकांना कमी पैसे, संध्याकाळी वाचन बंद, क्लबातल्या हुशार माणसांच्या गप्पा बंद, अंगावर चढणारी चरबी आणि आळस. करण्याच्या बाजूला म्हातारपणीची सोबत, जी निदान कुत्र्यापेक्षा तरी बरी. शेवटी भूमितीचा सिद्धान्त सिद्ध झाल्यासारखा निकाल : लग्न करावं. नोव्हेंबरात त्यानं मामेबहीण एमाला मागणी घातली आणि २९ जानेवारी १८३९ ला लग्न झालं.

कागद गमतीचा आहे, म्हणूनच गाजला. मला त्यात स्वतःला ओळखणं फारसं दिसत नाही. त्यात एका बैठकीत सुचलेल्या भीती आणि इच्छा आहेत. एकही गोष्ट अनुभवाला घासून पाहिलेली नाही. चरबी आणि आळसाची भीती तर सपशेल चुकली. लग्नानंतर त्याची कामाची शिस्त अधिक घट्टच झाली. स्वतःबद्दल बसल्या बसल्या केलेली यादी आणि स्वतःच्या चुकांच्या खुणांवरून काढलेला निष्कर्ष यांत मोठं अंतर असतं. डार्विनच्या बाबतीत फळ आलं ते दुसऱ्या प्रकाराला.

विरोधातली नोंद

या प्रकरणाचा गाभा एका सवयीत आहे. आठवणींमध्ये डार्विन तिला सोन्यासारखा नियम म्हणतो. आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारं काहीही आढळलं, छापील माहिती असो, स्वतःचं निरीक्षण असो की नुसता विचार, तर ते न चुकता आणि ताबडतोब लिहून ठेवायचं. कारणही त्यानं दिलं आहे : अनुभवानं कळलं होतं की आपल्या मताला अनुकूल गोष्टी लक्षात राहतात आणि प्रतिकूल गोष्टी फार लवकर निसटतात.

‘आपला तो बाब्या’ ही वृत्ती सगळ्यांना ठाऊक असते, निदान दुसऱ्यांच्या बाबतीत. पुढे विसाव्या शतकात तिच्यावर बरंच संशोधन झालं. १९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं की ते एका नियमात बसतात. तुम्ही स्वतः आकडे सुचवा, ते बसतात की नाही मी सांगेन, त्यावरून नियम ओळखा. बहुतेकांनी ‘दोन-दोननं वाढणारे’ अशी अटकळ बांधली आणि तिला दुजोरा देणारेच आकडे सुचवत राहिले. नियम फक्त ‘चढत्या क्रमानं’ इतकाच होता. आपली अटकळ मोडेल असा एखादा प्रश्न विचारायचं बहुतेकांना सुचलं नाही.

पण अशा संशोधनाची माहिती असणं आणि डार्विनला जे माहीत होतं ते, या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माणूस पक्षपाती असतो’ हे माणसाबद्दलचं ज्ञान झालं. ‘मीही पक्षपाती असेन’ ही नम्रता झाली, जी बोलायला सोपी आहे आणि जिच्यातून काहीच घडत नाही. डार्विनची नोंद याहून कितीतरी बारीक आहे. काय निसटतं? प्रतिकूल गोष्ट. कुठून? आठवणीतून. केव्हा? लगेच. इतकं नेमकं कळल्यावर उपाय शोधावा लागत नाही, तो समोरच असतो : लिहून ठेव, आणि आत्ता ठेव. त्यानं स्वतःची स्मरणशक्ती सुधारण्याचा खटाटोप केला नाही, निःपक्षपाती व्हायची प्रतिज्ञाही केली नाही. खोड आहे तशी धरली आणि तिच्या वाटेत कागद ठेवला.

१८५९ च्या नोव्हेंबरात त्याचा प्रजातींच्या उगमावरचा ग्रंथ आला तेव्हा या सवयीचं फळ उघड दिसलं. चौदा प्रकरणांतलं सहावं प्रकरण आपल्याच सिद्धान्तासमोरच्या अडचणींवर आहे. डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव हळूहळू कसा घडेल? मधले दुवे कुठे गेले? पुढची प्रकरणंही उपजत प्रवृत्ती, संकर, जीवाश्मांच्या नोंदीतली भगदाडं अशा दुखऱ्या जागांवरच बोट ठेवतात. आपण विचारातच घेतला नव्हता असा आक्षेप फारच थोड्या वेळा आला, असं तो नंतर म्हणतो. यात थोडा अभिमान आहे. पण सहावं प्रकरण वाचल्यावर तो अनाठायी वाटत नाही.

ही नेमकी जाण आली कुठून? कुठल्या दिवशी आली ते तो सांगत नाही. पण त्याला पोळलेले प्रसंग माहीत आहेत. १८३५ मध्ये गालापागोस बेटांवर त्यानं पक्षी गोळा केले तेव्हा मॉकिंगबर्डवर बेटांची नावं लिहिली, फिंच पक्ष्यांवर बहुतेक नाही. बेटागणिक कासवं वेगळी असतात, असं तिथल्या उपराज्यपालानं सांगितलं होतं. त्या क्षणी त्याचं वजन डार्विनला कळलं नाही. लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डनं पक्षी तपासून फिंचांचा हा एक वेगळाच गट असल्याचं १८३७ च्या सुरुवातीला सांगितलं, तेव्हा कुठला फिंच कुठल्या बेटावरचा हे ठरवण्यासाठी डार्विनला जहाजावरच्या इतरांच्या संग्रहाचा आधार घ्यावा लागला.

दुसरा प्रसंग जास्त झोंबणारा. स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉय या दरीच्या उतारांवर समांतर रस्त्यांसारखे पट्टे आहेत. १८३८ मध्ये तो ते पाहून आला आणि १८३९ मध्ये ते जुने समुद्रकिनारे असल्याचं प्रतिपादन केलं. दक्षिण अमेरिकेत त्यानं जमीन वर उचलली गेल्याच्या खुणा पाहिल्या होत्या. तेच चित्र डोळ्यांत होतं. शिवाय दुसरं कुठलं स्पष्टीकरण तेव्हा दिसत नव्हतं, म्हणून हेच खरं, असा त्याचा तर्क होता. पट्टे प्रत्यक्षात हिमनदीनं अडवलेल्या सरोवरांचे काठ होते. १८६१ मध्ये त्यानं मान्य केलं की आपला निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत एक प्रचंड घोडचूक होती. त्याची लाज वाटते, असं आठवणींतही लिहिलं. पण तिथेच पुढे आहे : ‘दुसरं काही सुचत नाही म्हणून हेच’ या तर्कावर विज्ञानात कधीही विसंबू नये, हा धडा मिळाला. चुकीची लाज आणि चुकीचा आकार, दोन्ही त्याच्या लक्षात राहिलं. बऱ्याच जणांच्या मनात लाज तेवढी उरते.

याच्याच जोडीला काही छोटी कामं. तीस-चाळीस मोठ्या फायली, चिठ्ठ्या लावलेल्या खणांच्या कपाटांत ठेवलेल्या; हाती आलेला सुटा कागद त्यांत जायचा. विकत घेतलेल्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर कामाच्या गोष्टींची सूची. स्मरणशक्ती ‘असं काहीतरी वाचलंय’ इतकंच सांगते हे माहीत असल्यामुळे पुढचं काम त्यानं खणांवर सोपवलं होतं. लिहिण्याचंही तसंच. आधी तो वाक्य मनात जुळवून मग उतरवायचा. पहिलं वाक्य वाकडंच येणार हे एकदा कळल्यावर त्यानं जुळवणं सोडलं. घाणेरड्या अक्षरात, अर्धे शब्द तोडून पानंच्या पानं खरडायची आणि मग निवांत दुरुस्त करायची. यात वेळ वाचतो, असं तो सांगतो.

दुसऱ्यांचे डोळे

स्वतःला ओळखायचं म्हणजे एकट्यानं डोळे मिटून बसायचं, ही समजूत या प्रकरणात टिकत नाही.

१८४५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर यानं पत्रात लिहिलं की ज्यानं अनेक प्रजातींचं बारकाईनं वर्णन केलेलं नाही त्याला प्रजातींच्या प्रश्नावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही. रोख एका फ्रेंच लेखकावर होता. डार्विननं तो स्वतःवर घेतला. हे माझ्या बाबतीत किती दुखेल इतकं खरं आहे, असं उत्तर पाठवलं. पुढच्या वर्षी त्यानं खडकांना आणि जहाजांना चिकटणारे बार्नॅकल हे छोटे समुद्री प्राणी अभ्यासाला घेतले आणि १८५४ पर्यंत सोडले नाहीत. मित्राच्या सहज बोलण्यातून आपली उणीव उचलणं हेही एक कौशल्यच आहे. आपल्यातले बहुतेक जण अशा वेळी रोख दुसऱ्यावर होता याबद्दल सुस्कारा टाकतील.

१८५७ चा प्रसंग गणिताचा. ज्या गटांमध्ये प्रजाती जास्त, त्या गटांतल्या प्रजातींना पोटप्रकारही जास्त असतात का, हे पाहण्यासाठी त्यानं वनस्पतींच्या याद्यांवरून मोजदाद चालवली होती. शेजारी राहणाऱ्या तेविशीच्या जॉन लबकनं पद्धतीतली चूक दाखवली. डार्विन हादरला. लबकला त्यानं लिहिलं की केवढ्या लाजिरवाण्या चुकीतून तू मला वाचवलंस. आणि हूकरला, की इंग्लंडातला सगळ्यांत दुर्दैवी, गोंधळलेला, मूर्ख कुत्रा मीच, स्वतःच्या आंधळेपणावर रडू येतंय. मग सगळी मोजदाद नव्यानं केली. पुढे आकडे आले की ते तो दुसऱ्याच्या नजरेखालून घालायचा. झाडांच्या वाढीची मोजमापं १८७०च्या दशकात तपासायला दिली गाल्टनला; केंब्रिजच्या गणित परीक्षेत दुसरा आलेला मुलगा जॉर्ज घरातच होता.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. तिच्यात मोजता येण्यासारखं तथ्य आहे. २०१० मध्ये सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञेनं दाखवलं की काळजी, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टींचा अंदाज माणसाला स्वतःचा चांगला असतो. पण बुद्धी, सर्जनशीलता अशा, ज्यांत अब्रू गुंतलेली असते, त्या गुणांचा अंदाज मित्रांचा जास्त बरोबर येतो. हा निष्कर्ष व्यवहारात सरळ वापरता येतो. मला कशाची भीती वाटते, हे मला विचारा. मी कामात किती चांगला आहे, हे माझ्याबरोबर काम करणाऱ्याला विचारा.

डार्विनच्या बाबतीत ही विभागणी गमतीदार रीतीनं खरी ठरते. गाल्टनच्या प्रश्नावलीत ‘विशेष गुण’ या रकान्यात त्यानं लिहिलं : काही नाही, व्यवहार मात्र जमतो, म्हणजे हिशेब ठेवणं, पत्रांना उत्तरं देणं आणि पैसे नीट गुंतवणं. हे विनयानं लिहिलं असेल. पण चाळीस वर्षं त्याचे हिशेब चोख होते हेही खरं आहे. (एमाबरोबर रोज रात्री खेळलेल्या बॅकगॅमन या फाशांच्या खेळाचाही. १८७६ मध्ये एका अमेरिकी मित्राला तो कळवतो : तिचे २,४९० डाव, माझे २,७९५, हुर्रे!) मात्र हा केवळ निरीक्षक आहे, याला युक्तिवाद जमत नाही, असं काही टीकाकार म्हणाले तेव्हा विनय बाजूला ठेवून त्यानं उत्तर दिलं की तो ग्रंथ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सलग युक्तिवादच आहे आणि तो बऱ्याच समर्थ माणसांना पटला आहे. इतरांच्या सहज नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसतात, हेही तो निःसंकोच सांगतो. आपल्या उणिवांची यादी वाचून दाखवणारे खूप भेटतात; बलस्थान तितक्याच कोरडेपणानं सांगणारे कमी.

भांडणापासून लांब

भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलनं त्याला तरुणपणीच सल्ला दिला होता : वादात अडकू नकोस, त्यातून चांगलं क्वचित निघतं, वेळ आणि मनःशांती मात्र जाते. असा सल्ला सगळ्यांनाच मिळतो. डार्विनला तो लागू पडला, कारण ताण आला की आपलं पोट बिघडतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला त्याच्या ग्रंथावरून बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचा समर्थक शास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांच्यात गाजलेली चकमक झाली तेव्हा तो तिथे नव्हता. जलोपचार केंद्रात होता. हजरजबाबी बोलणं हक्सलीचं, आपलं नव्हे. आपलं काम पत्रं लिहिण्याचं आणि पुढची आवृत्ती दुरुस्त करण्याचं. त्याच्या हयातीत त्या ग्रंथाच्या सहा आवृत्त्या निघाल्या आणि आक्षेपांना उत्तरं त्यांतून दिली गेली. शेवटच्या, १८७२ च्या आवृत्तीत तर आक्षेपांसाठी एक नवं प्रकरणच घातलं.

याला पळपुटेपणा म्हणता येईल का? म्हणता येईल. मला तसं वाटत नाही, कारण तो आक्षेपांपासून पळाला नाही, सभागृहापासून लांब राहिला. पण सीमारेषा बारीक आहे हे मान्य.

जिथे काही हाती लागलं नाही

प्रत्येक आत्मनिरीक्षणाला फळ येतं असं नाही, आणि हे प्रकरण प्रामाणिकपणे मांडायचं तर ही बाजूही हवी. १८४९ मध्ये तब्येत फारच ढासळल्यावर तो डॉक्टर गली यांच्या जलोपचार केंद्रात राहिला. त्यांच्या सांगण्यावरून त्यानं रोजच्या तब्येतीची वही सुरू केली : रात्र कशी गेली, वायू किती वेळा, उलटी झाली का, दिवस बरा की वाईट. बऱ्या दिवसांवर खुणा, महिन्याच्या शेवटी बेरीज. १८४९ च्या जुलैपासून १८५५ च्या जानेवारीपर्यंत ती चालली. एवढी शिस्त, एवढी आकडेवारी, आणि दुखण्याचं कारण त्याला कधीच कळलं नाही. आजही त्यावर एकमत नाही.

विरोधी नोंदींची सवय आणि ही वही यांत फरक कुठे आहे? दोन्ही लिहिण्याच्याच सवयी. पण पहिलीतल्या प्रत्येक नोंदीमागे एक कृती होती : हा आक्षेप, याचं उत्तर शोध. दुसरीतली नोंद झाली की संपली. दुसऱ्या दिवशी परत तेच. १९९९ मध्ये ट्रॅपनेल आणि कॅम्बेल या संशोधकांनी स्वतःकडे लक्ष देण्याचे दोन प्रकार वेगळे मोजले : कुतूहलानं होणारा विचार आणि भीतीनं किंवा खंतीनं होणारं घोळवणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. वहीत रोज लिहिणारा माणूस स्वतःला ओळखतो आहे की जखमेची खपली काढतो आहे, हे वहीच्या जाडीवरून कळत नाही.

आता विलंबाचा प्रश्न. १८४२ मध्ये ३५ पानांचा आराखडा तयार होता, १८४४ मध्ये २३० पानांचा निबंध. त्या जुलैत त्यानं एमाला पत्र लिहून ठेवलं की मी अचानक गेलो तर ४०० पौंड बाजूला काढून हा निबंध छापून घे. आणि मग १५ वर्षं छापलं नाही. आठ वर्षं बार्नॅकलमध्ये गेली. एवढा वेळ घालवण्याइतकं ते मोलाचं होतं का याबद्दल त्यानं स्वतःच नंतर शंका काढली. लोक काय म्हणतील या भीतीनं तो थांबला, असं बरेच दिवस सांगितलं जायचं. जॉन व्हॅन वाय या इतिहासकारानं २००७ मध्ये याला हरकत घेतली आणि तो फक्त हातातली कामं क्रमानं उरकत होता असं मांडलं. मला दुसरं पटतं, पण पूर्ण नाही. ‘मी हळू माणूस आहे’ हे कळलं की त्याची सबब व्हायला वेळ लागत नाही. शेवटी त्याला हलवलं ते बाहेरच्या धक्क्यानं. जून १८५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसचं पत्र आलं, त्यात तीच कल्पना होती. घरात तान्हा मुलगा तापानं अत्यवस्थ होता. २८ जूनला तो गेला. अशा वेळी आपल्या हातून न्याय्य निर्णय होणार नाही हे जाणून डार्विननं सगळं लायेल आणि हूकर यांच्यावर सोपवलं. १ जुलैला दोघांचे लेख एकत्र वाचले गेले. दीड वर्षाच्या आत ग्रंथ हातात आला, आणि तोही त्याच्या मते फक्त सारांश होता.

स्वतःला ओळखूनही काहीच न करण्याचं उदाहरणही त्यानं ठेवलं आहे. तिशीपर्यंत त्याला कविता प्रिय होत्या. पुढे ती गोडी इतकी मेली की म्हातारपणी शेक्सपिअर वाचताना मळमळायला लागलं. माहितीच्या ढिगातून नियम दळून काढणारं यंत्र झालंय माझं मन, असं तो लिहितो. पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायचा आणि थोडं संगीत ऐकायचा नियम करीन, हेही लिहितो. लक्षात घ्या, निदान अचूक आहे आणि उपायही त्याच्याच पद्धतीचा : लहान, ठरलेला, नियमित. प्रतिकूल नोंदीसाठी जे केलं तेच इथे करता आलं असतं. पण सिद्धान्त कोसळण्याची धास्ती रोज पाठीशी होती. कविता हरवल्याची तक्रार करणारं कुणी नव्हतं. रात्री एमा कादंबऱ्या वाचून दाखवायची, शेवट गोड हवा एवढीच त्याची अट. त्यावर भागलं.

जुलै १८८१ मध्ये, ७२ व्या वर्षी, त्यानं वॉलेसला लिहिलं की सुखी असायला लागतं ते सगळं माझ्याकडे आहे, तरी आयुष्य फार कंटाळवाणं झालंय. वर्षानुवर्षं चालणारं संशोधन सुरू करायची उमेद आणि ताकद आता नाही, आणि मला आनंद होतो तो फक्त त्यातच. यात चूक काढायला जागा नाही. आपल्याला कशानं बरं वाटतं हे त्याला शेवटपर्यंत नेमकं ठाऊक होतं, आणि ते आता मिळणार नाही हेही. अशा ठिकाणी त्या ओळखीचा फायदा काय, याचं उत्तर मला त्याच्या कागदांत सापडलेलं नाही. तीनेक महिन्यांनी त्याचं गांडुळांवरचं पुस्तक बाजारात आलं. या विषयावरचा त्याचा पहिला निबंध १८३७ सालचा होता.